लेन्सपुढची काच: फिल्टर पारखून घेण्याची कृती

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेच्या आसपास कॅमेरा बाळगणाऱ्यांची संख्या बरीच आहे. लग्नसराईत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात धावणारे व्यावसायिक आहेत, वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांतली हौशी मुलं आहेत, आणि पावसाळा सरत आला की कास पठाराचा रस्ता धरणारे नोकरदारही आहेत. या सगळ्यांच्या लेन्सवर एक वस्तू हटकून दिसते. लेन्स घेताना ‘संरक्षणाला असू दे’ म्हणून दुकानातच चढवलेला यूव्ही फिल्टर. एकदा चढला की तो वर्षानुवर्षं उतरत नाही. फोटो धूसर आला तर दोष लेन्सला दिला जातो, कॅमेऱ्याला दिला जातो, हात हलला म्हणून स्वतःलाही दिला जातो. पुढच्या काचेवर संशय सगळ्यात शेवटी जातो.

लेन्स बनवणारे दहा-पंधरा भिंगांचा एकमेकांशी मेळ घालतात, त्यांच्यावर लेप चढवतात, पिवळट-निळसर झाक काढून टाकतात. त्यांच्या हिशोबात आपण चढवलेली ही काच बहुधा नसते. ती उत्तम असेल तर आहे हे कळतही नाही. वाईट असेल तर महागडी लेन्सही स्वस्तातल्या लेन्ससारखी वागू लागते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जे काम नंतर संगणकावर होत नाही तेवढ्यापुरताच फिल्टर घ्यावा, आणि घेतलेला फिल्टर घरच्या भिंतीवर तपासल्याशिवाय ठेवून घेऊ नये. पुढची सगळी कृती या दोन गोष्टींसाठी आहे.

लागणारं साहित्य

ट्रायपॉड, वर्तमानपत्राचं एक सपाट पान, पांढरा कागद, घरातली ट्यूबलाइट, साधा कॅल्क्युलेटर, हवेचा ब्लोअर आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड. शिवाय रस्त्यावरचे दिवे लागल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास.

पहिली पायरी: काम ठरवा, मग काच

फिल्मच्या काळात फिल्टरशिवाय भागत नसे. कृष्णधवल फिल्मवर आकाश पांढरंफटक यायचं, म्हणून पिवळा किंवा लाल फिल्टर लावून ते गडद करत. दिव्याच्या उजेडात रंगीत फिल्म पिवळी पडायची, म्हणून निळा लावत. या रंगीत फिल्टरांना आजही रॅटन क्रमांकांनी ओळखतात. फ्रेडरिक रॅटन यांची इंग्लंडमधली कंपनी कोडॅकने १९१२ साली विकत घेतली, आणि ती क्रमवारी जगभर रूढ झाली. आता हे सगळं काम कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स आणि संगणकावरचं रॉ फाइलचं संपादन करतं. रंगीत फिल्टरांचा संच कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

यूव्हीचंही तेच. फिल्मला अतिनील किरण जाणवायचे, त्यामुळे डोंगरावरच्या फोटोंत निळसर धुकं यायचं. डिजिटल सेन्सरवर हे किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते, आणि आजच्या लेन्सची काचही त्यातला बराच भाग शोषून घेते. यूव्ही फिल्टर आता चित्रात काहीही सुधारत नाही. तो फक्त झाकण म्हणून उरला आहे, आणि झाकण म्हणून त्याची किंमत काय ते पुढे बघू.

संगणकावर न होणारी कामं मोजकीच आहेत. पाण्यावरची, पानांवरची, काचेवरची चकाकी काढणं हे पोलरायझरचं काम. ती चकाकी फोटोत आली की तिच्याखालचा रंग नोंदलाच जात नाही, मग तो नंतर कुठून आणणार? भर उजेडात शटर रेंगाळत ठेवणं हे एनडीचं, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या गडद काचेचं काम. व्हिडिओ करणाऱ्यांना एनडी जास्तच लागतो, कारण २५ फ्रेमच्या चित्रीकरणाला शटर एक पन्नासांशावर धरायचं तर दुपारच्या उन्हात अ‍ॅपर्चर मिटत मिटत पार टोकाला जातं. या दोघांखेरीज उरतो तो संरक्षक फिल्टर, तोही ठरावीक ठिकाणी. तुमच्या कामात यातलं काहीच नसेल तर इथेच थांबा, पैसे वाचले.

दुसरी पायरी: माप

लेन्सच्या पुढच्या कड्यावर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला वर्तुळावर तिरकी रेघ असं चिन्ह असतं, त्यापुढचा आकडा म्हणजे फिल्टरचं माप: ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२. नवशिके हा आकडा आणि फोकल लेंग्थ यांत गोंधळ करतात, कारण दोन्ही मिलिमीटरमध्येच असतात. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला पन्नासचा फिल्टर लागत नाही.

तीन लेन्स आणि तीन मापं असली तरी तीन फिल्टर घेऊ नका. सगळ्यात मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा घ्या. ६७ची लेन्स आणि ७७चा फिल्टर यांच्यामध्ये ६७-७७ची रिंग बसते, आणि तिची किंमत फिल्टरच्या मानाने किरकोळ असते. उलटं करू नका. मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर बसवणारी रिंग मिळते, पण तिने चित्राचे कोपरे काळे होतात. स्टेप-अप रिंग लावल्यावर लेन्सचं नेहमीचं हूड बहुधा बसत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तेव्हा हाताची किंवा टोपीची सावली धरावी लागते. तरीही एक चांगला आणि तीन सुमार यांत मी पहिलाच घेईन.

रिंग आणि फिल्टरचं कडं शक्यतो पितळेचं बघा. अ‍ॅल्युमिनियमचं कडं लेन्सच्या आट्यांत अडकून बसण्याचा संभव जास्त असतो.

तिसरी पायरी: दुकानात पारख

कोल्हापूर-पुण्याच्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन मागवून घरी उघडा, पाहायच्या गोष्टी त्याच आहेत. पॅकेटवरच्या ‘प्रो’, ‘एचडी’, ‘डिजिटल’ अशा शब्दांवर जाऊ नका. होया, बी+डब्ल्यू, निसी, के अँड एफ अशा एकाच कंपनीच्या नावाखाली साधी आणि उंची अशा दोन्ही मालिका असतात, त्यामुळे नाव ओळखीचं आहे एवढ्यानेही भागत नाही.

आधी लेप बघा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. फिल्टरला पृष्ठभाग दोन, म्हणजे आठ टक्के उजेड लेन्समध्ये पोचतच नाही. उजेड थोडा कमी होण्याचं दुःख नाही, तो एक्स्पोजरमध्ये भरून निघतो. परत फिरलेला प्रकाश लेन्सच्या पुढच्या भिंगात आणि या काचेत इकडून तिकडे आपटत राहतो, आणि शेवटी चित्रावर पांढुरका थर होऊन बसतो, हे खरं नुकसान. चांगल्या बहुलेपी फिल्टरमध्ये हे परावर्तन प्रत्येक बाजूला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. हे मोजायला यंत्र नको. यूव्ही किंवा संरक्षक फिल्टर ट्यूबलाइटखाली आडवा धरा आणि काचेत ट्यूबचं प्रतिबिंब बघा. ते लख्ख पांढरं दिसलं तर लेप नाही किंवा नावापुरता आहे. मंद हिरवं, जांभळं किंवा तांबूस दिसलं, ट्यूबचा आकार कसाबसा ओळखू आला, तर लेप आहे. फिल्टर उलटा करून दुसरी बाजूही बघा, कारण काहींना एकाच बाजूला लेप असतो.

मग काच. हात लांब करून फिल्टर धरा आणि त्यातून खिडकीचा उभा गज बघत फिल्टर हळूहळू तिरका करा, कडेकडेने सरकवा. गजाची रेघ जागची हलता कामा नये. ती कुठे लहरली, वाकली, तर काच सपाट नाही, मग तिच्यावर लेप कितीही चांगला असो.

पोलरायझर घ्यायचा असेल तर दुकानदाराकडे त्याचा बिलाचा कॅल्क्युलेटर मागा. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा उजेड मुळातच एका दिशेने कंप पावणारा असतो. फिल्टरचे आटे तुमच्या डोळ्याकडे आणि पुढची बाजू पडद्याकडे अशी धरून कडं फिरवा. एका जागी पडदा पार काळा होतो, आकडे दिसेनासे होतात. आणखी पाव वळसा दिला की पुन्हा उजळतो. काळं होण्याऐवजी नुसतं राखाडी किंवा गडद जांभळं झालं तर पोलरायझर कच्चा आहे. आता फिल्टर उलटा धरा, आटे पडद्याकडे. सर्क्युलर पोलरायझर, म्हणजेच सीपीएल असेल, तर या बाजूने फिरवून पडदा काळा होत नाही, फार तर रंगाची छटा बदलते. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो लिनियर आहे. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात लिनियर पोलरायझर ऑटोफोकस आणि उजेडाचं माप दोन्ही बिघडवू शकतो. मिररलेस कॅमेऱ्यात ही भीती नाही, पण आज बाजारात सीपीएलच सहज मिळतो, तर तोच घ्यावा. ही चाचणी मोबाइलवर करू नका, बऱ्याच मोबाइलच्या पडद्यांवर वेगळा थर असतो आणि निकाल फसवा येतो.

बिल घ्या, आणि परत करण्याची मुदत विचारून त्या बिलावरच लिहून घ्या. पुढची पायरी त्या मुदतीतच संपवायची आहे.

चौथी पायरी: घरची चाचणी

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि सगळी कृती तिच्यावरच उभी आहे.

वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चारही कोपरे चिकटवून ताठ लावा. छोट्या जाहिरातींचं पान सगळ्यात चांगलं, कारण बारीक अक्षर कडेपर्यंत असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर पानाच्या बरोबर समोर ठेवा. झूम असेल तर सगळ्यात लांब टोकावर न्या आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. काचेतला दोष लांब फोकल लेंग्थवर आणि मोठ्या अ‍ॅपर्चरवर उघडा पडतो, आणि १८ मिलिमीटरला एफ/११ वर निमूट लपतो. आयएसओ सगळ्यात कमी, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. आधी फिल्टरशिवाय तीन फोटो काढा. मग फिल्टर लावून तीन. प्रत्येक फोटोआधी फोकस नव्याने घ्या. तीन-तीन यासाठी, की एखाद्या वेळचा फोकस चुकला तर त्याचा ठपका काचेवर येऊ नये. सीपीएल किंवा एनडीने उजेड कमी होतो, तो भरून काढायला शटर लांबवा. अ‍ॅपर्चर आणि आयएसओला हात लावू नका, नाहीतर तुलनाच बाद होते.

फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून शेजारी-शेजारी ठेवा. मधलं अक्षर बघा, मग चारही कोपऱ्यांतलं. अनुस्वाराचा ठिपका आणि जोडाक्षरातली फट ही फार चांगली खूण आहे. फिल्टरशिवायच्या फोटोत ‘क्ष’च्या पोटातली पांढरी जागा मोकळी दिसते आणि फिल्टरच्या फोटोत ती राखाडी भरून येते, असं तिन्ही जोड्यांत दिसलं तर फिल्टर परत. एकाच कोपऱ्यात मऊपणा आला तर फिल्टर थोडा फिरवून पुन्हा काढा. मऊपणाही फिरला तर दोष काचेचा, जागच्या जागी राहिला तर लेन्सचा.

दुसरी चाचणी रात्रीची. शंभर फुटी रस्त्यावर दिवे लागल्यावर, गच्चीवरून किंवा फूटपाथच्या आतल्या बाजूला उभं राहून, एक प्रखर दिवा चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ येईल असा फोटो घ्या. आता उजवीकडे खाली बघा. चित्राच्या मध्यबिंदूतून दिव्याच्या बरोबर समोर, तितक्याच अंतरावर, अंधारात हिरवट किंवा निळसर उलटा दिवा दिसतो का? सेन्सरवरून आणि लेन्समधून परत फिरलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत गेला की हे भूत उमटतं. फिल्टर काढून तोच फोटो घ्या. भूत गेलं तर कारण कळलं. थोडंफार भूत चांगल्या संरक्षक फिल्टरनेही येतं, म्हणून रात्री, आरतीच्या वेळी, विसर्जन मिरवणुकीच्या दिव्यांत आणि कार्यालयातल्या एलईडीच्या मंचासमोर फिल्टर काढून ठेवावा हे उत्तम. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या शालूवर हिरवे ठिपके आले की ते एक-एक पुसत बसावं लागतं.

तिसरी चाचणी एनडीसाठी. सावलीत पांढऱ्या कागदाचा फोटो एकाच पक्क्या व्हाइट बॅलन्सवर फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय काढा. स्वस्त एनडीमध्ये कागद तपकिरी, किरमिजी किंवा निळसर येतो. सगळीकडे एकसारखी छटा असेल तर ती संपादनात काढता येते. मध्ये एक रंग आणि कडेला दुसरा असेल तर नाही. दहा स्टॉपच्या काही फिल्टरांमधून अवरक्त किरण निसटतात, त्यामुळे काळं कापड आणि हिरवी पानं तांबूस पडतात. म्हणून कागदाशेजारी काळा शर्ट आणि तुळशीची फांदी ठेवून तोच फोटो उन्हातही एकदा काढा.

वाइड लेन्स असेल तर शेवटी मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो सगळ्यात रुंद टोकावर काढून कोपरे बघा. जाड कड्याचा फिल्टर तिथे नख लावल्यासारखा काळा दिसतो. तसं असेल तर पातळ कड्याचा बदलून घ्या.

पाचवी पायरी: कुठे लावायचा, कुठे काढायचा

एकच फिल्टर मला निवडायला सांगितला तर मी सीपीएल निवडेन, आणि त्याला कारण आपला प्रदेश आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या पश्चिम घाटात आपलं कास पठार आहे. ऑगस्टअखेरपासून तिथे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं फुलतात, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं, पान न् पान ओलं असतं. ओल्या पानावर आभाळाचा पांढरा उजेड चकाकतो आणि तेरड्याचा गुलाबी रंग फिका पडतो. सीपीएल डोळ्याला लावून फिरवून बघा. एका जागी चकाकी ओसरते आणि पठाराचा रंग भरून येतो. ही जागा लेन्सवर शोधताना घाई करू नका, आणि उभा-आडवा कॅमेरा बदललात की पुन्हा फिरवा. विसरलात तर परिणाम नाहीसा होतो आणि उजेडाचा तोटा तेवढा राहतो. हा तोटा दीड ते दोन स्टॉपचा असतो.

आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात असलेल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त होतो. सूर्याकडे तोंड किंवा पाठ करून फोटो काढत असाल तर सीपीएल निव्वळ ओझं आहे. सांगलीच्या घाटावरून पलीकडे सांगलीवाडीकडे मावळतीचा फोटो काढताना तो काढून ठेवा. त्याच वेळी नदीच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला कॅमेरा वळवलात तर आकाश गडद मिळेल. फार वाइड लेन्सवर मात्र एकाच चौकटीत गडद निळा डाग आणि दोन्ही बाजूंना फिकट आकाश असं विचित्र चित्र येतं. तिथे परिणाम अर्ध्यावर आणा किंवा फिल्टर वापरूच नका. पाण्याचा तळ दाखवायचा असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन धरा, चकाकी तिथे सगळ्यात जास्त कापली जाते.

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं. भोपळ्यावरच्या चकचकीत पॉलिशवरची चमक सीपीएलने कमी होते, तारांवरची होत नाही, कारण धातूवरचं परावर्तन या फिल्टरच्या आवाक्याबाहेर असतं. भोपळा गोल असल्यामुळे चमकही एका पट्ट्यातच जाते, सगळी नाही. शालूच्या जरीवर तो चालत नाही, तेही याच कारणाने. काचेच्या चौकटीतल्या आजोबांच्या जुन्या फोटोची नक्कल काढायला मात्र त्याच्यासारखं साधन नाही. समोरून न घेता थोडं बाजूने घ्या.

आता धबधबे. ठोसेघरला जाताना बरेचजण एनडी नेतात. पावसाळी सावटात आयएसओ १०० आणि एफ/११ वर शटर साधारण एक पंधरांशाच्या आसपास येतं. तिथे सीपीएल लावला की ते पाव सेकंदावर उतरतं, आणि पाण्याचे धागे दिसायला तेवढं पुरतं. शिवाय ओल्या कातळावरची चकाकी जाते. म्हणजे पावसाळ्यात एकाच काचेत दोन्ही कामं होतात. एनडी खरा लागतो तो उघडिपीत आणि नदीवर. आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी उन्हात गुळगुळीत करायचं तर सहा स्टॉपचा एनडी ६४ किंवा दहा स्टॉपचा एनडी १००० हवा. हिशोब सोपा आहे, मूळच्या शटरला त्या आकड्याने गुणा. एक पंधरांश गुणिले ६४ म्हणजे सुमारे चार सेकंद. एक साठांश गुणिले १००० म्हणजे सोळा-सतरा सेकंद. फोकस आणि चौकट फिल्टर लावण्याआधी ठरवा, फोकस मॅन्युअलवर टाका, मग काच चढवा. एसएलआर असेल तर डोळा लावायचं मागचं भिंग झाका, तिथूनही उजेड शिरतो.

कडं फिरवून गडद होणारा व्हेरिएबल एनडी व्हिडिओवाल्यांना सोयीचा असतो. आत दोन पोलरायझर एकमेकांवर ठेवलेले असतात, त्यामुळे टोकाला नेला की वाइड लेन्सवर काळी फुली उमटते. आकडा जितका मोठा, तितका तो जास्त अविश्वासू. दोन ते पाच स्टॉपचा, दोन्ही टोकांना अडणारा घ्या. ‘एनडी २ ते ४००’ असं छापलेलं सोडून द्या. स्थिर फोटोसाठी मी तो सुचवत नाही.

अर्धा गडद, अर्धा स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड फिल्टर एके काळी निसर्गचित्राचा राजा होता. आपल्याकडे क्षितिज सपाट क्वचितच मिळतं. घाटावरून त्याची रेघ पुलावर येते आणि पूलही आकाशाबरोबर काळा होतो, अजिंक्यताऱ्यावरून डोंगर काळे होतात. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो घेऊन ते संगणकावर जुळवणं इथे सरस ठरतं.

उरला संरक्षक फिल्टर. लेन्स पडली तर पातळ काच सहज फुटते, आणि तिचे तुकडे पुढच्या भिंगावर ओरखडे काढू शकतात. धक्क्यापासून हूड जास्त वाचवतं. पण उडत्या कणांपासून काचेशिवाय वाचवणारं काही नाही. कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण टिपायची असेल, मिरवणुकीत गुलालात शिरायचं असेल, मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाशेजारी उभं राहायचं असेल, तर चांगल्या लेपाचा संरक्षक फिल्टर लावाच. काही लेन्सच्या पुस्तिकेत तर फिल्टर लावल्यावरच ती धुळी-पावसापासून पूर्ण बंद होते असं लिहिलेलं असतं, ती वाचा. काम संपलं की उतरवा. आणि सीपीएल किंवा एनडी चढवताना आधीचा फिल्टर काढा. काचेवर काच चढवली की परावर्तनं वाढतात, कोपरे काळे होतात आणि आटे अडकतात.

सहावी पायरी: निगा

भंडारा किंवा गुलाल बसलेली काच कधीही आधी पुसू नका. तोंड खाली करून ब्लोअरने फुंका, मऊ ब्रशने झाडा, मग कापडाला लेन्सच्या द्रावणाचा एक थेंब लावून मधून बाहेर गोल पुसा. शर्टाचं टोक वापरू नका, त्यातल्या धुळीने लेप खरवडतो. पावसाळ्यात फिल्टर ओला डबीत बंद केला तर बुरशी धरते. पंख्याखाली वाळवा आणि डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. ती पुडी महिन्या-दोन महिन्यांनी वाळवा किंवा बदला.

आट्यांत अडकलेला फिल्टर जोर लावून पिळू नका, दोन बोटांच्या दाबाने कडं अंडाकृती होतं आणि आणखी घट्ट बसतं. कड्याभोवती रुंद रबर बँड गुंडाळून सगळीकडून हलका दाब देत फिरवा.

खरेदीचा क्रम

पैसे थोडे असतील तर सगळ्यात मोठ्या मापाचा बहुलेपी सीपीएल आणि एक स्टेप-अप रिंग घ्या. वर्षभराने एनडी ६४. यात्रा-मिरवणुका करत असाल तर एक संरक्षक. लग्नाच्या व्हिडिओत सध्या चाललेला मिस्ट फिल्टर दिव्यांभोवती मऊ वलय आणतो, पण तो मुद्दाम काँट्रास्ट कमी करूनच हे साधतो. गिऱ्हाईक मागत असेल तर एक अष्टमांश ताकदीचा घ्या, त्यापुढे जाऊ नका. फिल्टरांचे दहा-बारांचे संच कधीच घेऊ नका.

आणि एक गोष्ट डोळ्यांची. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे, महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ढगांनी वाट दिली तर. तेव्हा एनडी १००० लावून कोणी सूर्याकडे कॅमेरा रोखू नये, आणि एसएलआरच्या भिंगातून तर मुळीच बघू नये. एनडी १००० उजेड हजार पटींनी कमी करतो, सूर्यासाठी तो लाख पटींच्या आसपास कमी व्हावा लागतो. शिवाय साधा एनडी अवरक्त किरण अडवेलच याची खात्री नसते. सूर्यासाठी वेगळी प्रमाणित सौर फिल्म मिळते. ती लेन्सच्या पुढे पूर्ण झाकेल अशी घट्ट बसवा, आणि ती मिळाली नाही तर त्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवा.